कडकच्या खोलीतला हिरवा उजेड

आमच्या गल्लीत तिला नावाने कोणी हाक मारत नाही. कडक म्हणतात. इस्त्री करून पोट भरते म्हणून कडक, आणि कोणाचं ऐकून घेत नाही म्हणूनही कडक. मला तक्रारताई म्हणतात. म्हणजे आमचं जमायला हरकत नव्हती, तरी सुरुवातीला आम्ही एकमेकींना पाण्यात पाहायचो. मग एकदा मोर्चाच्या फलकाचं कापड तिच्या खोलीवरून नेत होते, तर तिने ते माझ्या हातातून ओढून घेतलं आणि इस्त्री करून परत दिलं. म्हणाली, "सुरकुतलेल्या घोषणा कोण वाचणार गं?" तेव्हापासून जमलं.

तिची खोली म्हणजे बापाच्या जागेचा मागचा तुकडा. पुढचं घर आणि अंगण थोरल्या भावाचं. भाऊ बस चालवून निवृत्त झालेला, त्याला सगळे डायवर म्हणतात. बाप गेल्यावर त्याने मधे भिंत घातली आणि गिलावा फक्त आपल्या बाजूने केला. तिच्या बाजूला उघड्या विटा. ती म्हणाली, "वाट्याला यायचं ते आलं, निदान भिंतीला तरी दोन तोंडं करू नकोस." तो म्हणाला, "तुझं एक तोंड पुरे आहे." झालं. त्या दिवसापासून अबोला.

अबोला म्हणजे गप्प बसणं, असं ज्यांना वाटतं त्यांनी या दोघांना ऐकायला हवं होतं. ती इस्त्रीशी बोलायची, तो स्कूटरशी. दोघंही भिंतीपलीकडे पोचेल अशा आवाजात.

"काही लोकांना सकाळी घसा साफ करायला माझीच भिंत सापडते, नाही का गं?" हे इस्त्रीला.

"दिवसभर वाफेत उभं राहिलं की डोकं असंच शिजतं बाई," हे स्कूटरला.

आणि ती म्हणेल त्याच्या बरोबर उलटं करायचं, हा त्याचा बाणा. तिला ते पक्कं ठाऊक होतं. त्याने रेडिओ मोठा लावला की ती इस्त्रीला म्हणायची, "अजून मोठा हवा, नाही का?" की रेडिओ बंद. "लहानपणापासून असाच आहे," ती मला सांगायची. "बस म्हटलं की उठतो, ऊठ म्हटलं की बसतो. त्याला चालवायचं तर रिव्हर्समध्ये."

डायवरच्या अंगणात निलगिरी होती. बापाने लावलेली, चांगली दोन मजले वर गेलेली. एका दुपारी वाऱ्याने ती आडवी केली. पूर्ण आडवी नाही, तिथेच घोळ झाला. बुंधा भिंतीवर आपटला आणि अडकला. शेंडा कडकच्या पत्र्यावर आला. अंगणात मुळांचा अख्खा गड्डा मातीसकट उपटून उभा राहिला, माणसाहून उंच, आणि त्याच्यामागे खड्डा पडला.

कडक तेव्हा एका पांढऱ्या शर्टाची कॉलर दाबत होती. तिने सांगितलं, आवाज नंतर आला, आधी उजेड बदलला. शर्ट एकदम हिरवा दिसला.

मी धावत गेले. अंगणाकडची खिडकी पानांनी गच्च भरलेली. खोलीत निलगिरीचा वास, सर्दीत वाफ घेताना येतो तसा. आजारपणाचा वास. पत्र्याखालचा लोखंडी बार वाकलेला. ती इस्त्री धरून उभीच होती, शर्ट मात्र जळू दिला नव्हता.

"उचल सामान," मी म्हटलं. "माझ्याकडे चल."

"आणि हे टेबल? ही जाडी वायर? तुझ्या घरी इस्त्री लावली तर गल्लीचे दिवे जातील." मग खालच्या आवाजात, "मी गेले तर तो म्हणेल, गेली. मला हे ऐकायचं नाही."

दुसऱ्या दिवशी मी पालिकेत. खिडकीतल्या साहेबांनी विचारलं, "पडलंय की पडणार आहे?"

"अर्धं पडलंय."

"तसं नाही चालत. पडलेलं असेल तर सफाई खात्याकडे. पडणार असेल तर उद्यान खात्याकडे. पण मग धोकादायक आहे म्हणून पाहणी लागेल."

"साहेब, तुमच्या डोक्यावर असं आडवं आणून ठेवते. तुम्हीच सांगा मग, पडलंय की पडणार आहे."

माझा आवाज चढला की माणसं दुसऱ्या खोल्यांतून डोकावतात, हे मला आवडतं. खोटं कशाला बोलू? शेवटी झाडं कापणारी टोळी मोकळी झाली की पाठवू, इथवर आले ते. मालकाची हरकत नसली तर, हे शेपूट लावूनच.

मालक! मी तशीच डायवरच्या फाटकात शिरले. तो त्या खड्ड्यात उतरून मुळांवर मगाने पाणी मारत होता. पत्र्याचा मग, लोखंडी बादली. टण, सर्र. टण, सर्र. मुळांना ओली पोती गुंडाळलेली, जखमेला पट्टी बांधावी तशी.

"हे काय चाललंय?"

"पाणी घालतोय. एका बाजूची मुळं अजून जमिनीत आहेत. पालवी बघा वरची, सुकली का? झाड जिवंत आहे. क्रेन मिळाली की उभं करतो."

"खाली तुमची बहीण उभी असते दिवसभर."

त्याने मग बादलीवर आपटला. "मी कुणाला उभं राहायला सांगितलेलं नाही." मग मुळांवरून हात फिरवत, "बापाने लावलंय हे. बघाच तुम्ही, उभं राहील ते."

पलीकडून इस्त्रीला ऐकवलेलं आलं, "बाप तर माझाही होता गं!"

टोळी काही मोकळी होईना. मी रोज कडककडे चक्कर टाकत होते आणि रोज काहीतरी वेगळं दिसत होतं. आधी पत्र्याचा एक खिळा टेबलावर पडलेला. मग दुसरा. खिडकीचा दरवाजा लागेनासा झाला. हिरव्या उजेडात तिला डाग कळेनात. शर्ट पिवळा पडलाय की उजेडच तसा आहे, हे बघायला दर कपडा घेऊन दारात जावं लागायचं. आणि ते हँगर. इस्त्री केलेले कपडे ती वरच्या बारला टांगायची, सारखं अंतर सोडून. सकाळी उघडावं तर सगळे हँगर भिंतीच्या बाजूला गोळा झालेले, एकमेकांना चिकटून. ती परत सारखे करायची. दुसऱ्या सकाळी पुन्हा तेच. मग ते दुपारीही सरकायला लागले. आम्ही बोलत बसलेल्या असताना मागून खर्रर आवाज यायचा, वळून बघावं तर रिकामे शर्ट ओळीने भिंतीकडे निघालेले.

"यांना माझ्याआधी कळलंय," ती हसून म्हणाली. मला हसू आलं नाही.

शेवटी मी पालिकेच्या जिन्यातच बसकण मारली. येणाऱ्या-जाणाऱ्याला झाडाची गोष्ट सांगत बसले. दुसऱ्या सकाळी टोळी आली.

मुकादम शहाणा माणूस होता. आधी सगळीकडून फिरून बघितलं. डायवर खड्ड्यातच होता, त्याला हात देऊन बाहेर काढलं.

"काका, आता इथे उतरायचं नाही. शेंड्याच्या ओझ्याने हे बूड उचललं गेलंय. ओझं कापलं की ते परत खाली येतं, एका दमात. खाली जे असेल ते आत."

"म्हणजे परत उभं राहतं?"

"बूड उभं राहतं काका. झाड नाही."

पण डायवरच्या कानात 'उभं राहतं' एवढंच गेलं असावं. इतके दिवस अडून बसलेला माणूस एकदम म्हणाला, "कापा." मला वाटलं, चला, अक्कल आली. एरवी माणसं वाचणारी मी, तेव्हा मात्र वाचायला चुकले.

टोळी कडकच्या बाजूने कामाला लागली. आधी फांद्या उतरवल्या, मग पत्र्यावरचा जाड फाटा दोरांनी धरून सोडवला. खोलीत साधा पांढरा उजेड आला. कडकने एक शर्ट हातात घेतला, बघितला आणि म्हणाली, "अगं, हा तर स्वच्छच आहे." आता भिंतीवरचा बुंधा तेवढा कापायचा राहिला होता. मुकादम म्हणाला, करवतीत तेल भरतो, पाणी पितो, मग घेतो.

त्या शांततेत पलीकडून आवाज आला. टण, सर्र.

मुकादम नळाशी होता, त्याला ऐकू गेलं नाही. मुळांच्या त्या उभ्या भिंतीमुळे आमच्या बाजूने खड्डा दिसतही नव्हता. मी म्हटलं, "हा परत उतरलाय!" आणि ओरडायला तोंड उघडलं, तर कडकने माझा दंड धरला.

"तू नको. तू ऊठ म्हणालीस तर हट्टाला पेटेल. मी काढते त्याला." आणि टेबलावरच्या इस्त्रीकडे वळून, खणखणीत आवाजात, "बसू दे गं! तिथेच बसू दे मुळांत. अजिबात उठायला नको!"

मगाची टणटण थांबली. पाणी थांबलं.

"बघ आता," ती मला म्हणाली. "तणतणत फाटकातून येईल."

पलीकडून डायवरचा आवाज आला, मऊ, कधी ऐकला नव्हता तसा. या खेपेला स्कूटरला नव्हे. "ऐकतो बाई. आज तुझं ऐकतो. जमीन ओली असली तर मुळं धरतील. अजून दोन बादल्या."

टण, सर्र.

कडकचा चेहरा मी विसरणार नाही. इतकी वर्षं जे हत्यार वापरलं ते तिच्याच हातात उलटं फिरलं होतं. आणि त्याच क्षणी डोक्यावर, भिंतीवर चढलेल्या गड्याची करवत सुरू झाली. मी "थांबा" म्हणून ओरडले. मोर्चात कोपऱ्यापर्यंत जाणारा माझा आवाज, तो मलाच ऐकू आला नाही. मी वर हात हलवत राहिले, आणि ती धावली. दारातून गल्लीत, गल्लीतून फाटकात. मग मीही तिच्यामागे.

फाटकातून खड्डा बाजूने दिसत होता. डायवर खाली वाकून चिखल पसरत होता, पाठ आमच्याकडे. त्याच्या डोक्यावर मातीचा तो गड्डा. त्यातून बारीक माती गळत होती, त्याच्या खांद्यावर, केसांवर. तो ती झटकत होता, माशी झटकावी तशी.

बुंधा कडाडला. करवतवाल्याने ते ऐकून करवत बाहेर ओढली, आणि एक क्षण आवाज बंद झाला.

"दाद्या!"

ऊठ नाही, पळ नाही. नुसती लहानपणची हाक. ऊठ ऐकून तो उठला नसता. हाक ऐकून उठला. हातातला मग टाकला, काठावर एक पाय ठेवला आणि कोण हाक मारतंय ते बघायला वर आला.

त्याच्या मागे झाड उभं राहिलं.

दुसरा शब्द मला सापडत नाही. झोपलेला माणूस उठून बसावा तसं ते बूड वर आलं, मुळांचा गड्डा खाली गेला आणि खड्डा मिटला. जमिनीचा हादरा पायांत आला. डायवर काठावर पालथा पडला होता, एका पायात चप्पल. दुसरी चप्पल, पत्र्याचा मग आणि बादली खाली, कायमची.

कडक त्याच्याजवळ बसली. त्याने मान वळवून मागे बघितलं, आणि सरळ तिच्या तोंडाकडे बघत म्हणाला, "बघ. उभं राहिलं ना?"

"राहिलं रे," ती म्हणाली. "मेला असतास गाढवा."

गोष्ट इथे संपती तर मी खूश असते. बोलणं सुरू झालं. दुपारचा चहा ती पलीकडे घेऊन जाऊ लागली. त्याने तिच्या बाजूच्या विटांना गिलावा करून दिला, स्वतःच्या हाताने, वाकडातिकडा. पण मुकादमाने जाताना मला बाजूला घेऊन सांगितलं होतं, "ताई, बूड काढायलाच हवं. एका बाजूची मुळं तुटलीत. फुटेल ते, निलगिरी फुटतेच. वर वाढेल, खाली धरायला काही नाही. आणि पुढच्या वेळी असं अडकणार नाही."

मी तक्रार लिहिली. तिच्याकडे सहीला नेली. तिने हात कपड्याला पुसले, पेन घेतलं आणि ठेवून दिलं.

"नको गं. रोज पाणी घालतो त्याला. मी सही केली तर परत स्कूटरशी बोलायला लागेल."

"आणि पडलं तर?"

"पडेल तेव्हा बघू."

"तेव्हा बघायला कोण असेल, कडक?"

तिने इस्त्री फिरवली. वाफेचा फुस्स आवाज आला. मी तणतणत निघून आले, काही दिवस फिरकलेच नाही.

परवा गेले. ती मला बघून हसली, बस म्हणाली. मी खुर्ची ओढली. तिने बारवरून एक पांढरा शर्ट काढला, डोळ्यांसमोर धरला, आणि काही न बोलता डाग बघायला दारात निघाली.

मी खिडकीकडे बघितलं. काचेच्या अर्ध्या उंचीपर्यंत बुडाच्या नव्या फुटव्याची पानं आली होती.