न चाखलेलं कालवण

परभणीच्या स्टेशनासमोरच्या खानावळीतून परवा जेवून उठलो, तर गल्ल्यावर अभिप्रायाची वही उघडी पडली होती. कुणी इंग्रजीत 'एक्सलंट' लिहिलेलं, कुणी नुसतंच 'फाइन'. आतून भाजल्या खोबऱ्याचा आणि लसणाचा खमंग वास येत होता. त्या वासासरशी निजामाच्या अमदानीतला, चुडाव्याजवळचा डाकबंगला आठवला आणि तिथला खानसामा.

मेंढरं राखणाऱ्या घरातला, चाळिशीचा, अबोल माणूस. साहेबी स्वयंपाक तो हैदराबादेत शिकून आला होता. मुक्कामाला उतरलेले गोरे साहेब जाताना बंगल्याच्या शेरेबुकात जेवणाविषयी चार शब्द लिहीत. ते पुस्तक तो रोज पुसून फडक्यात बांधून ठेवी. त्यातलं अक्षर मात्र त्याला कळत नसे. मी शाळेवर नवा मास्तर. मला इंग्रजी येतं हे समजल्यावर एका दुपारी त्याने ते माझ्यापुढे ठेवलं.

"वाचा मास्तर. काय म्हणायलेत बगा."

बहुतेक शेरे गोड होते. 'रुचकर', 'अपेक्षेहून सरस'. तो मान खाली घालून, एखादी पोथी ऐकावी तसा ऐकत होता. मग एका ओळीशी मी अडखळलो.

"का थांबले? वाचा."

"मटणाचं कालवण अळणी. कसंबसं गिळलं, असं लिहिलंय."

त्याने तारीख विचारली. मी सांगितली.

"त्याच्या आदल्या दिशी माय गेल्ती," तो म्हणाला. "साहेब उतरलेले, न्हाई कसं म्हणावं? सुतकात मटण जिभेला लावायचं न्हाई. म्या चव न घेताच वाढलं." पुस्तक माझ्याकडे सरकवून म्हणाला, "खाली येवढं लिवता का?"

सरकारी पुस्तकात लिहिणारा मी कोण? नोकरीची धास्ती होती. तरी त्या शेऱ्याखाली इंग्रजीत लिहिलं : आई वारल्यामुळे स्वयंपाक्याने चव घेतली नव्हती.

वर्षभराने तोच साहेब पुन्हा मुक्कामाला आला. तो गेल्यावर खानसामा पुस्तक घेऊन शाळेच्या दारात उभा.

"जेवण उत्तम. दोनदा मागून घेतलं," मी वाचलं.

"ते ठावं हाय. म्याच वाढलं. मायचं काय लिवलं?"

खाली बारीक अक्षरात होतं : तुमच्या आईचं कळून वाईट वाटलं. तेवढंच त्याने पुन्हा वाचायला लावलं, मग तिसऱ्यांदा. नंतर पुस्तक काखेत धरून तो बंगल्याकडे चालू लागला.

निजामाचं राज्य गेलं, बंगला पडला, पुस्तकाचं काय झालं कोण जाणे. जन्मभर मेंढरांमागे हिंडलेल्या त्या बाईचा उल्लेख दुसऱ्या कुठल्या कागदावर झाला असेल असं वाटत नाही. एका परक्या माणसाने परक्या भाषेत तिच्यासाठी एक ओळ लिहिली होती, आणि ती तिच्या लेकाच्या कानी घालण्यापुरतं इंग्रजी मला येत होतं. त्या भाषेत पुढे पुष्कळ वाचलं. इंग्रजीचं इतकं काम पुन्हा कधी पडलं नाही.