रँक न ओळखणारा पंच

तीन आठवड्यांपूर्वी, शनिवारी सकाळी, ऑफिसात सुमतीवहिनींचा फोन आला. "भावोजी, आज शनिवार ना... हे येणार नाहीत." मी म्हटलं, बरं, मग पुढच्या शनिवारी बघू. मग त्या म्हणाल्या, "पहाटे गेले." आणि मी, एकोणपन्नास वर्षांचा माणूस, विचारून बसलो, "कुठे?" त्या एका शब्दाची मला अजून लाज वाटते. वहिनींनी मात्र शांतपणे सांगितलं, की पाच वाजता छातीत दुखायला लागलं, डॉक्टर बेहालाच्या त्यांच्या फ्लॅटवर पोचेपर्यंत सगळं संपलं होतं. मेजर मधुकर घारपुरे चोपन्न वर्षांचे होते. निवृत्त होताना ते लेफ्टनंट कर्नल झाले होते, पण आम्हा कलकत्त्याच्या मराठी मंडळींत ते मेजरच राहिले.

आमची ओळख मंडळाच्या गणपतीत झाली. मी केंद्र सरकारच्या नोकरीत, डमडमच्या बाजूच्या आमच्या कार्यालयातल्या कॉम्प्युटरचा प्रमुख. त्या काळी कॉम्प्युटर म्हटलं की लोक एक तर नोकऱ्या जाणार म्हणून चिडायचे, नाहीतर पत्रिका जुळवतो का म्हणून विचारायचे. घारपुऱ्यांनी पत्रावळीवरचा भात कालवता कालवता विचारलं, "तुमचं यंत्र पंच होऊ शकेल का?" कसला पंच, ते मला कळेना. "लढाईचा," ते म्हणाले. "फोर्ट विल्यममध्ये आम्ही वाळूच्या नकाशावर लढाया खेळतो. शेवटी ब्रिगेडियरसाहेब ज्याला जिंकला म्हणतील तो जिंकतो. मला असा पंच हवाय, ज्याला माझी रँक कळत नाही. आणि त्यांचीही कळत नाही."

मला ही मागणी पटली. आमच्या संचालकांकडून मी लेखी परवानगी घेतली : शनिवारी दुपारी बारा ते दोन, यंत्र मोकळं असताना, प्रोग्रॅमच्या सरावासाठी. मग आम्ही कामाला लागलो. घारपुऱ्यांना खोटं काही चालायचं नाही. पाण्यातून माणूस मिनिटाला किती पावलं चालतो याचा आकडा मी अंदाजाने घातला, तर ते मला बेहालाच्या पलीकडे एका कालव्यावर घेऊन गेले, बुटांसकट कंबरभर पाण्यात उतरले आणि मला काठावर घड्याळ घेऊन उभं केलं. चार वेळा पलीकडे गेले, चार वेळा परत आले. शेतातला एक म्हातारा विचारू लागला, "की हारालो, बाबू?" काय हरवलं म्हणून. घारपुऱ्यांनी माझ्याकडे बोट दाखवून आपल्या मोडक्या बंगालीत सांगितलं, "ए बाबूर माथा!" या बाबूंचं डोकं. म्हातारा इतका हसला की त्याने आम्हाला ताडगोळे आणून दिले.

खेळ असा होता. ग्राफपेपरवर एक कालवा, अलीकडे धानाची शेतं, पलीकडे उंच बांध. घारपुऱ्यांची एक प्लाटून, छत्तीस माणसं. बांधावर शत्रूची बारा माणसं आणि एक मशीनगन. हा शत्रू म्हणजे मी. जत्रेतल्या छर्ऱ्याच्या बंदुकीपलीकडे मी कधी शस्त्र धरलेलं नाही, पण मशीनगन कुठे ठेवली की जास्त माणसं पडतात हे गणिताने काढता येतं. एक खेळी म्हणजे एक मिनिट. दोघांनी आपापले हुकूम लिहायचे, मी त्यांची कार्डं पंच करायची, म्हणजे जाड कागदाच्या कार्डांवर भोकं पाडून हुकूम उतरवायचे, ती यंत्रात घालायची, आणि मग छापून यायचं : किती पुढे सरकले, किती पडले. कार्ड आत गेलं की हुकूम मागे घ्यायचा नाही, ही अट घारपुऱ्यांची. एअरकंडिशनच्या थंडीत ते स्वेटर घालून बसायचे आणि कागद बाहेर यायला लागला की उभे राहायचे. "काय आकडेशास्त्री, किती मारलेत माझे?" मी सांगायचो, एकोणीस. कधी बावीस. अठराच्या खाली कधी नाही. त्यांच्या घरी गेलो की वहिनी दारातच म्हणायच्या, "या शत्रूभावोजी, चहा ठेवते."

आता चुकीबद्दल लिहायला हवं. आमच्याकडे नियम होता, अजूनही आहे, की एकाने पंच केलेलं कार्ड दुसऱ्याने दुसऱ्या यंत्रावर पुन्हा टाइप करून तपासायचं. फरक आला तर यंत्र अडतं. हे तपासणीचं काम मीरादी बघायच्या, आमच्या ऑफिसातल्या सर्वांत जुन्या ऑपरेटर. त्या मला दोनदा म्हणाल्या, "दिन ना दादा, देखे दिच्छि." द्या, मी बघून देते. मी दोन्ही वेळा नाही म्हटलं. सरकारी पगाराचा वेळ माझ्या खेळाला कशाला? त्या नकाराचा मला थोडा अभिमानही वाटला होता.

एकाहत्तर सालच्या पावसाळ्यात घारपुऱ्यांनी धूर वापरायचं ठरवलं. धुराचे गोळे टाकायचे, त्याच्या आडोशाने भरदिवसा कालवा ओलांडायचा. धूर किती वेळ टिकतो, मी विचारलं. "तीन मिनिटं," ते म्हणाले. मी तीनचा आकडा पंच केला आणि कार्डं आत घातली. चार माणसं पडली. फक्त चार. घारपुऱ्यांनी मला खांद्याला धरून अक्षरशः हलवलं. "चार! आकडेशास्त्री, चार!" तो कागद त्यांनी नीट घडी करून खिशात ठेवला. पुढच्याच आठवड्यात त्यांची मुख्यालयातल्या स्टाफवरून पलटणीत बदली झाली आणि ते सरहद्दीकडे गेले.

नोव्हेंबरात कपाट आवरताना मी त्या खेळाच्या कार्डांची यादी छापून घेतली. धुराच्या कार्डावर तीनचा आकडा एक घर डावीकडे पडला होता. कार्डावर आकड्यांसाठी ठरावीक घरं असतात, आणि रिकाम्या घराला आमचं यंत्र शून्य समजतं. म्हणजे यंत्राने तीन मिनिटं वाचलंच नव्हतं, तीस वाचलं होतं. अर्धा तास न हटणारा धूर! यंत्र दर वेळी नशिबाचे फासे नव्याने टाकतं, म्हणून कार्ड दुरुस्त करून मी खेळ तीनदा चालवला. एकोणीस, एकवीस, अठरा... आणि चारचा कागद घारपुऱ्यांच्या खिशात होता, अशा प्रदेशात जिथे दर दोन-तीन मैलांवर कालवा आहे, आणि लढाई आज लागते की उद्या एवढंच बघायचं राहिलं होतं.

मी रजा टाकून फोर्ट विल्यमच्या फाटकावर गेलो. दोन तासांनी एक तरुण कॅप्टन आला. त्याने माझं सगळं ऐकून घेतलं, मग विचारलं, "आप ये कह रहे हैं कि एक कार्ड में छेद एक खाना बायें हो गया, और ये बात मैं फॉरवर्ड एरिया में बताऊँ?" मी म्हटलं, हो. "साहब, मुझे पागल समझेंगे, और आपको जासूस." मग जरा नरमाईने म्हणाला, "चिट्ठी लिखिये. सब लोग चिट्ठी ही लिखते हैं."

मी पत्र लिहिलं. पण लिहिणार काय? कालवा, प्लाटून असले शब्द लिहिले तर पत्र सेन्सॉरकडे अडकणार. नुसते आकडे लिहिले तर ती सांकेतिक भाषा वाटणार. शेवटी लिहिलं : "आपल्या खेळात तीस धरले गेले होते, खरे तीन. म्हणून चार आले, खरे एकोणीस. चूक माझी. पोच द्यावी." पोच आली नाही. मी तेच पत्र आणखी दोनदा पाठवलं.

डिसेंबरात लढाई लागली. उजेड बाहेर दिसू नये म्हणून खिडक्यांना आम्ही तपकिरी कागद चिकटवले. एका दुपारी मी आणि माझी पत्नी वहिनींकडे गेलो. त्या एकट्याच होत्या, रेडिओ लावून स्वेटर विणत होत्या. बोलता बोलता म्हणाल्या, "निघताना खूश होते हो. म्हणाले, कालव्याची काळजी आता नाही." तेव्हा माझ्याने राहवलं नाही. मी सगळं सांगून टाकलं. त्यांच्या सुया थांबल्या. "हे मला का सांगितलंत?" त्या म्हणाल्या. "मी काय करू शकते इथे बसून? तुमचं ओझं हलकं झालं, माझं वाढलं." माझी पत्नी मध्ये पडू लागली तर म्हणाल्या, "नाही मालती, बोलू दे मला. चूक झाली ती झाली. पण मला सांगणं ही दुसरी आहे, आणि ही त्यांनी कळून सवरून केली." चहा झाला नाही. लढाई संपेपर्यंत मी रोज पेपरातल्या मृतांच्या याद्या वाचल्या, आणि त्यांचं नाव नाही हे बघून त्याच याद्या पुन्हा वाचल्या.

जानेवारीतल्या एका शनिवारी, बाराला पाच मिनिटं कमी असताना, घारपुरे मशीनरूमच्या दारात उभे. खूप वाळले होते. डाव्या हाताच्या दोन बोटांना पट्टी होती. स्वेटर घालून नेहमीच्या खुर्चीवर बसले.

"पत्र मिळालं," ते म्हणाले. "तिन्ही एकदमच मिळाली."

"कधी?"

"कालवा ओलांडल्यावर सहा दिवसांनी."

मग तेच सांगू लागले, "वारा होता. धूर दोन मिनिटं टिकला. त्या प्लाटूनमधले नऊ गेले."

"मेजर, ते नऊ माझ्या..."

"थांबा. तीन हा आकडा तुम्हाला कोणी दिला होता?"

"तुम्ही."

"मी दिला. पंचवीस वर्षं नोकरी झाली माझी, धूर किती टिकतो हे मला यंत्राने सांगायला नको. तीन मिनिटांच्या धुरात चारच कसे पडतील, हे मी तिथल्या तिथे विचारायला हवं होतं. एकोणीस आले असते ना, तर मी तुमचं एकेक कार्ड उजेडात धरून तपासलं असतं. चार आले, म्हणून घडी करून खिशात घातले." पुढे म्हणाले, "हुकूम वरून होता, दिवसाच ओलांडा म्हणून. मी नाही म्हटलं असतं तर कुणी ऐकलं असतं का, माहीत नाही. पण म्हटलं नाही. खिशात कागद होता."

त्यांनी खुर्ची यंत्राकडे वळवली. मग ते म्हणाले, "नवांतले तुमचे किती आणि माझे किती, हा भागाकार करत बसू नका. तो व्हायचा नाही."

मी तो केला. सहा वर्षं करतो आहे. कधी पाच माझे येतात, कधी नऊच्या नऊ.

त्या दिवशी त्यांनी दोन गोष्टी मागितल्या. एक, यापुढे प्रत्येक कार्ड तपासून घ्यायचं. ते स्वतः उठून मीरादींकडे गेले आणि हात जोडून म्हणाले, "दीदी, शत्रूचीपण तपासा आणि माझीपण." मी त्यासाठी वेगळी लेखी परवानगी काढली. दुसरी गोष्ट, त्यांनी खिशातून एक कागद काढला. प्लाटूनच्या छत्तीस माणसांना एक ते छत्तीस नंबर दिले होते, त्यांतल्या नऊ नंबरांवर बारीक खुणा होत्या. "हे नंबर कोणाला द्यायचे नाहीत," ते म्हणाले. "भरतीची नवी नऊ माणसं येतील, त्यांना सदतीसपासून पुढचे द्या. पलटणीत माणसं येतात, पण गेलेल्याच्या जागी कोणी येत नाही." मी प्रोग्रॅम तसा बदलला. त्यानंतर बदल्यांचा काळ सोडला तर ते जवळजवळ दर शनिवारी यायचे. हरले तर कागद ठेवून द्यायचे. कमी माणसं पडून जिंकले, की उभे राहून म्हणायचे, "परत चालवा." वहिनी मला पुन्हा शत्रूभावोजी म्हणू लागल्या, पण त्याला दीड वर्ष जावं लागलं.

गेल्या आठवड्यात आमच्याकडे नवं यंत्र आलं. जुने सगळे प्रोग्रॅम त्यावर चढवायचे, म्हणून त्यांच्या याद्या तपासायला गेल्या होत्या. आमच्या खेळाची यादी परत आली ती लाल शाईच्या खुणा घेऊन. तपासणाऱ्या अधिकाऱ्याने नीट पाहिलं होतं : माणसं छत्तीस, शेवटचा नंबर पंचेचाळीस, मधले नऊ गायब. त्याने नवांभोवती नऊ वर्तुळं काढून समासात लिहिलं होतं, "चूक? दुरुस्त करून सलग नंबर द्यावेत." मीरादींनी तो कागद माझ्या टेबलावर ठेवला आणि त्या तिथेच उभ्या राहिल्या. मी प्रत्येक वर्तुळ पुन्हा मोजलं. मग खाली लिहिलं, "चूक नाही. असेच ठेवावे," आणि सही केली. नियमाप्रमाणे तपासणाऱ्याची दुसरी सही लागते. मीरादींनी माझ्याच हातातलं पेन घेतलं, नवांपैकी प्रत्येक रिकाम्या जागेवर बोट टेकवत खालपर्यंत गेल्या, आणि माझ्या सहीखाली आपली सही केली.