शकुनाचा एक डॉलर

कॉलेजात बास्केटबॉल खेळणाऱ्या पोरांना पैसे द्यावेत की नाही, यावर शॉमबर्गच्या आमच्या घरात दर हिवाळ्यात वाद होतो. नवरा म्हणतो, "आता तर कोर्टातूनच सेटल झालंय यार. युनिव्हर्सिटी डायरेक्ट पे करते. मग ॲमॅच्युअर कसले ते?" त्याचं दुःख खेळाचं नाही. वीस वर्षांचं पोरगं आपल्यापेक्षा जास्त कमावतं, हे त्याचं दुःख आहे. मी या वादात पडत नाही. पैसे घेणं हा गुन्हा होता त्या काळात आमच्या युनिव्हर्सिटीच्या एका खेळाडूला माझ्या आईनं पैसे दिले होते. तेही रोख.

मी तेव्हा पेनसिल्व्हेनियात स्टॅटिस्टिक्समध्ये मास्टर्स करत होते आणि खेळाडूंच्या शिकवण्या घेत होते. त्या नोकरीमुळे माझी फी माफ होती. नोकरीला लागताना माझी एका कागदावर सही घेतली होती: खेळाडूला काहीही द्यायचं नाही. पेन दिलं तर परत मागून घ्यायचं. खेळाडू हौशी राहिला पाहिजे ना! म्हणजे त्याच्या नंबराचा टीशर्ट युनिव्हर्सिटी विकणार, टीव्हीवाले जाहिराती दाखवणार, कोच बंगला बांधणार, आणि त्यानं मात्र खेळावर निरपेक्ष प्रेम करायचं.

माझ्याकडे आलेला मुलगा शेवटच्या वर्षाला होता. साडेसहा फूट उंच, अंगावर कोणी धावून आलं तरी न हलणारा, पण स्टँडर्ड डेव्हिएशन म्हटलं की त्याला घाम फुटायचा. शेजारच्या राज्यातली एक युनिव्हर्सिटी आमची हाडवैरी होती. तिचं नाव निघालं की आमचे सभ्य प्रोफेसरसुद्धा शिव्या घालत. तीन वर्षं हा मुलगा तिच्याविरुद्ध हरला होता. आता शनिवारी, आमच्याच गावात, शेवटची संधी होती. पुढे आपल्याला कोणी मोठी टीम घेणार नाही हे त्याला पक्कं ठाऊक होतं. "मला एवढी एकच जिंकायचीय," तो मला शिकवणीच्या दर तासाला सांगायचा.

त्या आठवड्यात मंगळवारी बर्फ पडला, बस बंद झाल्या आणि त्यानं मला आपल्या खटारा गाडीतून घरी सोडलं. आई दोन महिन्यांसाठी माझ्याकडे आली होती. तिनं खिडकीतून पाहिलं आणि फर्मान काढलं, "एवढ्या थंडीत पोरगा दारातून परत जाणार? वर बोलव त्याला." सही केलेला कागद मला आठवत होता, पण तो आईला समजावून सांगण्याची माझी छाती नव्हती. त्यानं थालीपीठं खाल्ली. किती, ते मी मोजायला लागले तर आईनं डोळे वटारले. दुसऱ्याचा घास मोजायचा नसतो.

तो निघाला तशी मी सुस्कारा सोडला. तेवढ्यात आई माझ्या रूममेटचे बूट घालून त्याच्यामागे पार्किंगमध्ये पळाली. मी खाली पोचेपर्यंत तिनं त्याच्या हातावर वीस डॉलरची नोट ठेवली होती आणि वर एक डॉलर. पहिल्यांदा घरी आलेल्या पोराला रिकाम्या हातानं कसं पाठवायचं? तो बिचारा तीनदा "नो मॅम" म्हणाला. आई खूश झाली. आपल्याकडे तरी तीनदा नको म्हटल्याशिवाय कोण घेतं? तिनं नोटा त्याच्या जॅकेटच्या खिशात कोंबल्या आणि वर आली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी युनिव्हर्सिटीच्या, खेळाडूंचे नियम सांभाळणाऱ्या ऑफिसात जाऊन सगळं सांगून टाकलं. कोणी विचारलं नव्हतं. मी घाबरले होते, दुसरं काही नाही. उद्या बाहेरून कळलं तर नोकरी जाईल, फी भरता येणार नाही, मग व्हिसा जाईल, एवढंच डोक्यात होतं. तिथल्या मॅडमनी शांतपणे लिहून घेतलं. मग विचारलं, "वीस समजले. हा वरचा एक कशासाठी?"

मी म्हटलं, शकुन. आकड्याच्या शेवटी शून्य आलं की देणं संपतं, वर एक ठेवला की पुढे चालू राहतं.

"म्हणजे आणखी पैसे द्यायचा विचार आहे?" मॅडमनी तेही लिहिलं.

"माझं नाव त्याला कळणार नाही ना?" मी विचारलं. त्या नाही म्हणाल्या.

त्याला बोलावलं, त्यानं काही लपवलं नाही. नियमाप्रमाणे एकवीस डॉलर आणि थालीपीठांची किंमत धर्मादाय संस्थेला द्यायची होती, ती त्यानं त्याच दिवशी दिली. पण फाइल देशभरातल्या कॉलेजांच्या खेळांचे नियम ठरवणाऱ्या वरच्या संस्थेकडे गेली होती आणि उत्तर येईपर्यंत त्याला खेळता येणार नव्हतं. उत्तर मॅच होऊन गेल्यावर, सोमवारी आलं: किरकोळ बाब, खेळायला हरकत नाही.

शनिवारी तो बाकाच्या टोकाला आखूड बाह्यांचा सूट घालून बसला होता. आपल्या जागी खेळणाऱ्या मुलाला पाणी नेऊन देत होता. आम्ही दोन पॉइंटांनी हरलो. आईला मी हट्टानं मॅचला नेलं होतं. "हा का खेळत नाहीये गं?" तिनं विचारलं.

"पाय मुरगळलाय."

"मग सारखा उठतोय कशाला? बस म्हणावं गप." तिला खरंच काळजी वाटत होती आणि मला तिच्याकडे बघवेना.

मंगळवारी तो नेहमीच्या वेळी शिकवणीला आला. लांबच लांब पाय त्यानं टेबलाखाली कसेबसे कोंबले.

"पार्किंगमध्ये कोणीतरी बघितलं असणार," तो म्हणाला. "त्यांच्याच युनिव्हर्सिटीचा असेल. हलकट लोक."

मी पुस्तक उघडलं. "त्यांचाच असणार," मी म्हटलं.

त्यानं पेन काढलं, मग थांबला. "तुझ्या आईला यातलं काही सांगू नकोस हं," तो म्हणाला. "तिला वाटेल, तिच्यामुळे झालं."