तेलाच्या टाकीचं पातं

माझं आणि माझ्या सासऱ्यांचं कधीच पटलं नाही. ज्या हिवाळ्याबद्दल मी सांगतेय, त्या हिवाळ्यात तर आम्ही एका घरात राहून एकमेकांकडे बघणंही सोडलं होतं.

घर त्यांचं होतं. स्लाऊच्या एका कारखान्यात टूलरूममध्ये आयुष्य काढून रिटायर झाल्यावर त्यांनी यॉर्कशायरच्या डोंगरात, एका अरुंद लेनच्या टोकाला हे दगडी घर घेतलं. सासूबाई माझ्या लग्नाआधीच गेल्या होत्या. पुढे मला तिथल्या गावात फार्मसिस्टची नोकरी मिळाली, म्हणून आम्ही दोघं त्यांच्याकडे राहायला गेलो. नवरा आठवडाभर क्रॉयडनला ऑफिसजवळ खोली घेऊन राहायचा आणि वीकेंडला यायचा. म्हणजे घरात मी आणि सासरे, बाबाच.

लेनवर आमच्याशिवाय एकच घर, खाली, एका शेतकऱ्याचं. पूर्वी तो आपल्या मोठ्या ट्रॅक्टरने आमच्या दारापर्यंत बर्फ काढून द्यायचा. मग बाबांनी त्याच्याशी हद्दीच्या भिंतीवरून भांडण काढलं. तेव्हापासून तो स्वतःच्या फाटकापर्यंतच लेन साफ करायचा आणि काढलेला सगळा बर्फ फाटकाच्या वरच्या अंगाला, आमच्या वाटेत आडवा रचून ठेवायचा. त्या ढिगाऱ्यापायी मी कामावर जाऊ शकले नाही आणि मॅनेजरने मला फोनवर नको नको ते ऐकवलं.

"एकदा सॉरी म्हणा ना त्यांना," मी बाबांना म्हटलं.

"मी? त्याला? त्यापेक्षा इथे उपाशी मरेन."

"तुम्ही मराल हो. मला कामाला जायचंय."

त्यानंतर ते दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. ते दोन दिवस बरे गेले.

पुढच्या थंडीआधी त्यांनी स्वतःच बर्फ काढायचं ठरवलं. शेडमध्ये त्यांचा एक जुना राखाडी ट्रॅक्टर होता, जवळजवळ त्यांच्याच वयाचा. एरवी ते तो फक्त पुसायचे आणि उन्हाळ्यात जत्रेत मिरवायचे. घरामागे हीटिंगच्या तेलाची गंजकी लोखंडी टाकी पडली होती. तिच्या गोल अंगातून त्यांनी ग्राइंडरने बर्फ खरवडायला एक लांब, बाकदार पातं कापून काढलं. ठिणग्या उडून दोरीवरच्या माझ्या चादरीला भोकं पडली. ती चादर मी त्यांच्यासमोर धरली.

"वाळत घालताना बघायचं," ते म्हणाले आणि पुन्हा ग्राइंडर सुरू केला.

पातं ट्रॅक्टरच्या मागच्या लिफ्टला बसवायचं होतं. ही लिफ्ट म्हणजे लोखंडी दांडे. सीटशेजारचा दांडा ओढला की वर जातात, सोडला की खाली येतात. एकट्याने पातं उचलून भोकात पिन घालणं त्यांना जमेना, तेव्हा मला हाक आली. थंडीने बोटं बधीर झाली होती. मी खालून पातं तोलून धरलं आणि ते हातोडीने पिन ठोकू लागले.

"वर घे. अजून वर. धर नीट!"

"मी तुमची हेल्पर नाहीये, बाबा."

"ते दिसतंच आहे."

कौन्सिलच्या बर्फ काढणाऱ्या गाडीच्या पात्याखाली रबराची जाड पट्टी असते, ती मी गावात पाहिली होती. आमच्या लेनमध्ये दगड वर आलेले, शिवाय मध्येच कॅटल ग्रिड: गुरांनी ओलांडू नये म्हणून खड्ड्यावर टाकलेले आडवे लोखंडी रूळ. कोरं लोखंड त्यात अडकणार, हे मला सरळ दिसत होतं.

"खाली रबर लावा. नाहीतर ग्रिडवर अडकेल."

"ग्रिडवर मी उचलीन ना. आणि रबराने बर्फ खरवडला जात नाही, नुसता दाबला जातो. गोळ्या विकणाऱ्यांनी मला लोखंड शिकवू नये."

मी पातं सोडलं आणि घरात गेले. बाहेर ते बराच वेळ शिव्या घालत होते, मराठीत आणि इंग्लिशमध्ये.

जानेवारीत एका सकाळी गुडघाभर बर्फ पडलेला होता. बाबांनी ट्रॅक्टर काढला आणि मी कामाचे कपडे घालून मागून चालत निघाले. खरं सांगायचं तर पातं छान चाललं होतं. बर्फ कडेला सरकत होता, खालचा डांबरी रस्ता काळा दिसत होता. बाबा टोपी मागे सारून ताठ बसले होते. तेवढ्यात खाली फाटकाशी शेतकरी उभा दिसला, हात खिशात घालून हसत. बाबा त्याच्याकडे रोखून बघत राहिले आणि पातं उचलायचं विसरले.

ग्रिडच्या रुळात पातं अडकलं, ट्रॅक्टर जागीच थबकला आणि बाबा छातीने स्टिअरिंगवर आदळले. मी धावले. ते पांढरेफटक पडले होते, श्वास घेता येत नव्हता. शेतकरी वर आला, पण त्याने आधी ट्रॅक्टर पाहिला.

"या भंगाराने माझी ग्रिड वाकली तर याद राखा," तो म्हणाला. मग माझ्याकडे वळला. "याला खाली उतरवायला हात लावू का?"

"हात लावू नकोस मला," बाबा कसेबसे इंग्लिशमध्ये म्हणाले. शेतकरी खांदे उडवून परत गेला. मी त्यांना धरून घरी आणलं. प्रत्येक पावलाला ते माझ्यावर खेकसत होते.

बरगड्यांना मार लागला होता. डॉक्टरांनी फोनवर सगळं विचारून विश्रांती घ्यायला सांगितली. नवऱ्याला कळवलं तर तो म्हणाला, "तू बाबांशी वाद घालू नकोस ना. वीकेंडला येतो मी." मी फोन ठेवून शेडमध्ये गेले. तिथे जुन्या कन्व्हेयर बेल्टचा जाड रबरी तुकडा होता. तो घेऊन खाली ट्रॅक्टरपाशी गेले आणि लिफ्टने पातं रुळांतून उचललं. पातं थोडं वाकलं होतं, पण लिफ्टवर घट्ट होतं. ग्रिडवरच उकिडवं बसून मी पात्याला ड्रिलने भोकं पाडली आणि बोल्टने रबर बसवलं. ट्रॅक्टर मला येत होता. पहिल्या उन्हाळ्यात, आमचं जरा बरं होतं तेव्हा, बाबांनीच शिकवला होता.

उरलेली लेन साफ करत खाली जाऊन शेतकऱ्याच्या ढिगाऱ्याशी ट्रॅक्टर वळवला आणि रिव्हर्समध्ये तो ढीग ढकलत ढकलत थेट त्याच्या फाटकाला नेऊन चिकटवला. जरा बाजूला टाकता आला असता. मी मुद्दाम टाकला नाही.

तो धावत बाहेर आला. "हे काय? उचल हे!"

"तुमचाच आहे," मी वरून म्हटलं. "परत केला."

"तुझ्यापेक्षा तुझा सासरा परवडला," तो म्हणाला. मला त्या क्षणी फार बरं वाटलं.

घरी बाबा खिडकीत बसले होते. लोखंड घासल्याचा आवाज आला नाही, त्यावरून मी रबर लावलंय हे त्यांना कळलं होतं. "खाली पातळ थर राहिलाय ना? त्याची रात्रीतून काच होईल. उद्या तुझी गाडी घसरली की कळेल."

दुसऱ्या दिवशी गाडी खरंच वळणावर घसरली आणि आरसा भिंतीला घासून तुटला. मी चिडून परतले आणि रबर काढून निदान तो थर तरी खरवडावा म्हणून ट्रॅक्टर काढायला गेले, तर सुरू होईना. बाबा बरगड्या धरून, काठी टेकत शेडपर्यंत येऊन गेले होते. इंजिनातला रोटर, ज्याच्याशिवाय ठिणगीच पडत नाही असा अंगठ्याएवढा तुकडा, त्यांनी काढून घेतला होता.

"बाबा, रोटर द्या."

"ट्रॅक्टर माझा आहे."

"मी कामाला कशी जाऊ?"

"चालत जा. माझं काय विचारतेस?"

मी चालत गेले. परत येताना अर्ध्या वाटेत बर्फात उभी राहून मी रडले. रागाने की थकव्याने, मला सांगता येणार नाही. वीकेंडला नवरा आला तेव्हा मी गावात फ्लॅट बघून ठेवला होता. "तुला यायचं तर ये," मी त्याला म्हटलं. दोन दिवसांनी तो पेट्या भरायला लागला.

बर्फ वितळल्यावर आम्ही निघालो. बाबा बरे होऊन दारात उभे होते. नवऱ्याने वाकून त्यांना नमस्कार केला. ते माझ्याकडे बघत होते, मी काय करते म्हणून. मी सरळ जाऊन गाडीत बसले आणि पट्टा लावला.