निलगिरीचं तेल आणि बंद कपाट

निलगिरीच्या तेलाचा वास आला की पाटोद्याचं ते मानसिक आरोग्याचं शिबिर आठवतं. मी तिथे नर्स होते. शहरातून आलेल्या एका तज्ज्ञांनी गोळ्यांचं कपाट बंद ठेवायला लावलं आणि ‘समग्र आरोग्य’ म्हणत सगळ्यांच्या तळहातांवर तेल चोळलं. एक मेंढपाळ बाई उठली. “सायेब, गोळ्यांनी माझा मालक माणसात आलाय. कालच संपल्यात.” ते मंद हसले. “ताई, आधी त्यांना दीर्घ श्वास घ्यायला शिकवा.” ती माझ्याकडे वळली, “सिस्टर, तुमी तरी द्या.” किल्ली माझ्याच खिशात होती, तरी मी तिला पुढच्या आठवड्यात ये म्हणाले. ती आली, नवऱ्याला दोरीनं बांधून. तज्ज्ञ तेव्हा दुसऱ्या तालुक्यात तेल चोळत होते. त्यांची मला आजही शिसारी येते, आणि मुकाट्यानं ऐकणाऱ्या माझी त्याहून जास्त.