पांढऱ्यावर पांढरं

विश्रांतवाडीत आळंदी रस्त्यालगत रंगनाथ यांचं डीटीपीचं दुकान होतं. लग्नपत्रिका, वाढदिवसाचे फलक, श्रद्धांजलीची कार्डं, सगळं तिथं व्हायचं. पुण्यात गल्लोगल्ली कॉम्प्युटरचे क्लास निघाले, तेव्हा शर्मिलानं एक क्लास केला आणि ती या दुकानात कामाला लागली. सासूबाईंना, कांताबाईंना, ते काही पटलं नव्हतं.

"दिवसभर त्या काचेत बघून डोळे घालवायचे, आणि करायचं काय? लोकांचे फोटो कापायचे!" असं त्यांचं रोजचं चालायचं.

सासऱ्यांना, भीमरावांना, जाऊन वर्ष होत आलं, तेव्हा मात्र पहिल्या स्मृतिदिनाच्या पुण्यानुमोदनाचं कार्ड करायला कांताबाई स्वतः दुकानात आल्या. पदरात गुंडाळून नवऱ्याचा फोटो आणला होता. बुद्धपौर्णिमेला काढलेला. पांढरा सदरा, पांढरे केस, मागं स्टुडिओतला पांढरा पडदा. एवढा चांगला दुसरा फोटो घरात नव्हता.

"हा पडदा काढ आणि ह्यांना आपल्या विहारापुढं उभं कर. विटा वाहिल्यात त्यांनी तिथं. पण माझ्यादेखत कर. तू इथं काय करतेस ते मलाही बघू दे."

शर्मिलानं खुर्ची पुढं ओढली. आज काही बिघडलं, तर नोकरीचा विषय घरात कायमचा मिटणार होता.

तिनं फोटो स्कॅन केला. विहाराचं चित्र आधीच फिकट करून ठेवलं होतं, म्हणजे त्यावर अक्षरं नीट वाचता येतील. आता राहिला पडदा. घाईघाईत तिनं पांढऱ्या रंगावर एक क्लिक केलं आणि डिलीट दाबलं.

पडदा गेला. सदराही गेला, केसही गेले. रिकामी जागा दाखवणाऱ्या नुसत्या करड्या चौकटींवर एक चेहरा, चष्मा आणि दोन हात उरले.

"अगं बाई! धुऊनच टाकलंस की ह्यांना!" कांताबाई ताडकन उठल्या.

काउंटरवरून रंगनाथ शांतपणे म्हणाले, "शर्मिलाताई, मागचा पडदा काढायचा. माणूस ठेवतात."

कांताबाईंचे डोळे भरून आले. "एकच होता गं फोटो..."

तेव्हा शर्मिलाच्या ध्यानात आलं, आईंना वाटतंय मूळ फोटोच पुसला गेला. तिनं लगबगीनं स्कॅनरचं झाकण उचललं. "आई, हे बघा. बाबा इथंच आहेत, जसेच्या तसे."

कांताबाईंनी फोटो उचलून कपाळाला लावला. केवढा तरी श्वास सोडला. "मग आधी बोलायचं नाही का? जीव घेतलास माझा!"

शर्मिलानं केलेलं सगळं मागं घेतलं आणि या खेपेला कडेकडेनं, एकेक बिंदू टाकत रेघ ओढायला घेतली. गाल झाला, कान झाला. खांद्यापाशी येऊन हात थांबला. पांढऱ्यावर पांढरं, कड दिसणार कशी? अंदाजानं तिनं दोन्ही खांदे सारखे काढले.

"हा कोण आणलास?" कांताबाई म्हणाल्या. "डावा खांदा खाली होता त्यांचा. हडपसरला कारखान्यात पोती उचलून उचलून उतरलेला. असा." आणि त्यांनी थेट काचेवर बोट टेकवलं. काचेला बोट लावलेलं रंगनाथना खपत नसे, पण आज त्यांनी बघून न बघितल्यासारखं केलं. बोट सावकाश उतरत गेलं, मागोमाग शर्मिलाचे बिंदू.

पडदा गेला. शर्मिलानं विहाराचं चित्र खाली सरकवलं, आणि त्या फिकट निळ्या आकाशावर, विहारापुढं, डावा खांदा पाडून भीमराव उभे राहिले. पांढरा सदरा अंगावर सबंध.

कांताबाईंनी बोट मागं घेतलं. "हं. आता आले."

जाता जाता त्या काउंटरशी थांबल्या. "सून आहे माझी. जरा घाई करते, पण हाताला वळण आहे तिच्या. नीट सांभाळा."

"ते आम्हाला ठाऊक होतं, मावशी," रंगनाथ म्हणाले. "तुम्हाला आज कळलं."

शर्मिलानं फाइल सेव्ह केली. मग पुन्हा एकदा केली.