फक्त जोडप्यांसाठी

लग्नाला पंचवीस वर्षं होत आली तेव्हा बायकोने एकच मागणी केली. "चार दिवस अशा ठिकाणी न्या, जिथे सकाळी उठल्यावर 'आज भाजी काय' असं मला कुणी विचारणार नाही. आणि आपण दोघंच." 'दोघंच' तिने दोनदा म्हटलं. त्याला कारण होतं. लग्नानंतर आम्ही जोडीने जेजुरीला गेलो, तेव्हाही जीपमध्ये अकरा माणसं होती.

राहात्यातल्या एका टूरवाल्याने अंदमानच्या रिसॉर्टांची पॅकेजं दाखवली. राहणं, खाणं, पिणं, सगळं धरून. मला 'सगळं' या शब्दाचा भरवसा नाही, म्हणून मी बारीक अक्षरं वाचली. दारू हवी तेवढी. चहा दिवसातून दोनदा.

"आम्ही दारू घेत नाही. ती वजा करा आणि चहा वाढवा."

"साहेब, पॅकेजमध्ये वजाबाकी नसते."

दुसऱ्या पॅकेजात बंदरापासूनच्या बोटीचं भाडं वेगळं. तिसऱ्यात समुद्राकाठची खोली होती, पण तिची खिडकी मागच्या बाजूला. रोज संध्याकाळी मोबाईलवर तुलना करून डोकं उठलं. शेवटी मी एक रिसॉर्ट पक्कं केलं, ते तिथल्या एका नियमामुळे. प्रवेश फक्त जोडप्यांना. म्हणजे मुलं नाहीत, आत्या-मावश्या नाहीत, कुणी नाही. आपोआप कुंपण पडलं, असं मला वाटलं.

पण आमच्याकडे थोरल्या भावाच्या कानावर घातल्याशिवाय प्रवास ठरत नाही. रक्त तपासायला नगरला जायचं तरी सांगून जायचं. दादा गावाकडे शेतावर राहतात. त्यांना सांगितलं आणि वर तो नियमही सांगितला.

दादा खूश झाले. "मंग आमी बी जोडपंच हाय की. का आमचं लगीन मोडलं?"

घरी आल्यावर बायकोला सांगितलं. ती कणीक मळत होती.

"म्हणजे चार दिवस थोरल्या दिरांसमोर डोक्यावर पदर. पाण्यात उतरायचं नाही. आणि त्यांना बुफे रुचला नाही की जाऊबाई आणि मी चूल शोधायची. त्यापेक्षा इथेच बरी आहे मी. रद्द करा."

"मी त्यांना नाही कसं म्हणू?"

"मग मला नाही म्हणा."

पैसे भरायच्या दिवशी दादा इस्त्रीचे कपडे घालून टूरवाल्याकडे आले. बाजारात चार जणांना सांगूनही झालं होतं. चार जोडपी झाली तर सवलत मिळेल, असं टूरवाल्याने म्हणताच साडूला फोन लावायला त्यांनी मोबाईल काढला.

"खोल्या किती, साहेब?" टूरवाल्याने मला विचारलं.

"एक."

दादांनी मोबाईल खाली ठेवला. "आन् आमची?"

"दादा, यावेळी आम्ही दोघंच जातो."

त्यांनी भिंतीवरच्या बेटाच्या चित्राकडे एकदा पाहिलं. मग चहा न पिताच उठले. "जा बाबा. तुमचं बेट तुमाला लखलाभ."

बायकोला ही बातमी दिली तर ती हसेल, असा माझा हिशेब होता. तिने कपाळाला हात लावला. "तोंडावर सांगितलंत? आता जाऊबाईंना वाटणार, मीच फूस लावली."

तिने लगेच वहिनींना फोन लावला. स्पीकर सुरू असल्याने मलाही ऐकू आलं.

"बरं झालं बाई," वहिनी म्हणाल्या. "मला बोटीत मळमळतं. आन् ह्यांनी तिथं बी पिठलंच मागितलं असतं. तू जा, चांगली लोळ."

दोघी बराच वेळ हसत होत्या. वहिनींना यायचंच नव्हतं आणि ते त्यांना विचारायचं कुणालाच सुचलं नव्हतं, मला धरून. बुकिंग झालं आहे, खोलीची खिडकी समुद्राकडे आहे, याची मी फोन करून खात्री केली. दादा मात्र अजून माझा फोन उचलत नाहीत. वहिनी उचलतात आणि म्हणतात, "हे शेतात हायेत." मागून दादांचा खोकला ऐकू येत असतो.